बीट पल्प घोडीले देऊ का? भिजवून का कोरडंच?

पुसदवाला

नमस्कार मंडळी, घोडेवाल्या लोकांनी जरा सविस्तर सांगा, लय टेन्शन आहे.

माझ्याकडं मारवाडी घोडी आहे, वय नऊ-दहा असन, सारंगखेड्याच्या बाजारातून घेतली होती. लग्नसराईत वरातीले जाते, बाकी टाइम घरीच. घेतली तवा अंगानं भरलेली होती पण यंदा दिवाळीनंतर उतरतच चालली, आता बरगड्या दिसतात, पुठ्ठ्याजवळ खड्डे पडले अन् केस पण राठ झाले. खाणं बंद नाही, जवळ गेलो की फुरफुर करते, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. खायले ज्वारीचा कडबा कुट्टी करून, तुरीचं कुटार, अन् चंदी म्हणून दिवसभराचे मिळून दीड किलो भिजवलेले चणे, त्यात एक घमेलं गव्हाचा चोकर अन् गुळाचा खडा. हिरवं आता मे महिन्यात कुठून आणू, विहीर तळाले गेली.

तर माझा मावसभाऊ पुण्याकडं स्टड फार्मवर कामाले आहे, त्यानं बीट पल्पची, म्हणजे बीटच्या वाळवलेल्या गराची, एक बॅग ट्रॅव्हल्सनं पाठवली. करड्या रंगाच्या टणक कांड्या आहेत, करंगळीएवढ्या, वास जरासा गोडसर. तो म्हणते भिजवल्याशिवाय हात लावू नको. गावात एकजण म्हणते तिकडचे लोक कोरडंच टाकतात. अन् बाबा म्हणतात ते पोटात जाऊन फुगते अन् घोडीचं पोट फाटते, त्या बॅगचं तोंडच खोलू नको. बाबांनी जनमभर जनावरं सांभाळली म्हणून त्यांचा शब्द मोडवत नाही, पण घोडी डोळ्यांदेखत वाळून राह्यली.

सांगा, द्यावं का? किती द्यावं? अन् इथं दुपारी ४५ डिग्री टेंपरेचर असते, भिजवलेलं टिकन का?

दर्यापूरकर

भाऊ भिजवूनच दे. आमच्याकडं एका म्हाताऱ्या घोड्याले दिलं होतं, दात नव्हते त्याले, लय मानवलं. सुरुवात मूठ-दोन मुठीनं कर, एकदम टोपलंभर टाकू नको. घोड्याचं पोट बैलासारखं नसते, खुराक एकदम बदलला की पोट दुखते अन् मंग रात्रभर लोळते. बाकी जाणकार सांगतीलच.

जुना_पर्यवेक्षक

पुसदवाले भाऊ, मी पशुधन खात्यात नोकरी केली, आता रिटायर आहे, घोड्यांचा नाद लहानपणापासून. तुम्ही बीट पल्पचं विचारलं ते सांगतोच पण आधी दुसरं सांगू द्या कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. घोडी खाते अन् तरी उतरते, ह्याचं कारण बॅगेत नाही, घोडीत शोधा.

पहिलं म्हणजे दाढा. घोड्याचे दात जनमभर वर येत राहतात अन् चावताना झिजतात, पण झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांची बाहेरची कड अन् खालच्या दाढांची आतली कड धारदार होते, ती गालाले अन् जिभेले कापते, मंग जनावर अर्धवट चावून टाकून देते. उद्या सकाळी गव्हाणीखाली नीट पाहा, कडब्याचे चघळलेले ओले बोळे पडलेले दिसतात का. लीद हातानं फोडून पाहा, त्यात अख्खे चणे अन् लांब लांब काड्या निघाल्या तर समजा चावणंच होत नाही. डॉक्टर कानस लावून दाढा घासून देतात, तोंड उघडं ठेवायचं साधन लावून, बरेचदा थोडं गुंगीचं इंजेक्शन देऊन. गावातल्या कोण्या माणसानं लोखंडी कानस घेऊन करू नये, जबडा तुटल्यावर रडून उपयोग नाही.

दुसरं जंत. लीद तपासून घ्या, तालुक्याच्या दवाखान्यात होते. डोळ्यांनी जंत दिसत नाही म्हणजे नाही असं नसते. औषध कोणतं अन् किती हे वजनावर असते, अंदाजानं मेडिकलवरून आणू नका.

तिसरं सर्रा. तुम्ही दिवाळीनंतर म्हणालात म्हणून हे मुद्दाम लिहितो. पावसाळ्यात अन् त्याच्या मागं चावणाऱ्या मोठ्या माश्या असतात, त्या एका जनावराचं रक्त पिऊन दुसऱ्यावर बसतात अन् त्यातून हा रक्तातला परजीवी पसरतो. ताप येतो-जातो, त्यामुळं ज्या दिवशी थर्मामीटर लावला त्या दिवशी नॉर्मलच दिसू शकते. हिरड्या अन् डोळ्याची आतली बाजू पांढुरकी पडते, पोटाखाली अन् पायाले सूज उतरते, मागचं अंग लुळं वाटते. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. सर्रा असला तर बीट पल्प काय अन् बदाम चारले काय, घोडी भरणार नाही. १९६२ नंबर लावला तर पशुवैद्यकाची गाडी घरी येते, नाही जमलं तर अकोल्याले पशुवैद्यकीय संस्था आहे, नागपूरले व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथं न्या.

आता बीट पल्प. हे आपलं भाजीचं लाल बीट नव्हे. युरोप-अमेरिकेत साखरेसाठी पांढऱ्या कंदाचं बीट लावतात, त्याचे पातळ काप करून गरम पाण्यात साखर काढून घेतात, उरलेला गर पिळून वाळवतात अन् त्याचा चुरा तरी ठेवतात नाहीतर दाबून गोळ्या करतात. म्हणजे साखर बरीचशी गेलेली असते. राहते तो रेषा, म्हणजे फायबर, अन् तो रेषा पण मऊ, पेक्टिनवाला, पचणारा. घोड्याच्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात ते हा रेषा आंबवतात अन् त्यातून ताकद मिळते. म्हणून दाण्याइतकी नाही तरी दाण्याच्या जवळपास ताकद देते, पण दाण्यासारखं स्टार्च नाही त्यामुळं घोडं तापट होत नाही अन् पाय धरायची, म्हणजे खूर आतून सुजून लंगडायची, भीती कमी. प्रोटीन बेताचं, शेकडा ८ ते १० च्या आसपास. वजन भरायले चांगली चीज आहे ह्यात वाद नाही. रेसच्या घोड्यांले देतात हेही खरं आहे.

पण त्यात कॅल्शियम भरपूर अन् फॉस्फरस अगदीच कमी, जीवनसत्त्व अ जवळजवळ नाहीच. तुमच्या चोकराचं एकदम उलटं, त्यात फॉस्फरस रगड अन् कॅल्शियम नाही. घमेलंभर चोकर रोज जास्त झाला भाऊ, वर्षानुवर्ष असा खुराक राहिला तर हाडातलं कॅल्शियम ओढलं जाते अन् तोंडाची हाडं सुजतात. तो अर्ध्यावर आणा. बीट पल्पसोबत थोडा चोकर हे जोडपं एकमेकांची उणीव भरून काढते. मीठ द्या, उन्हाळ्यात घामातून जाते. अन् कुठून तरी मूठभर हिरवं, लसूण घासाची वाळलेली पेंढी का होईना.

पुसदवाला

साहेब इतकं कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळीच गव्हाणीखाली पाहतो. डॉक्टरले फोन पण करतो. भिजवायचं कसं ते पण सांगा, अन् बाबांचं पोट फाटायचं बोलणं खरं आहे का?

काटोलचा_शेतकरी

मी म्हणतो बाहेरून बॅगा मागवून पैसे काहून घालवता, आपल्या साखर कारखान्यात उसाचा चोथा ढिगानं पडून असते, साखर काढलेलंच ते पण आहे अन् हे पण, तोच आणून भिजवून टाका. अन् आमच्याकडं संत्र्याच्या ज्यूसवाल्यांकडं सालपटं फुकट मिळतात.

जुना_पर्यवेक्षक

काटोलवाले दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण चोथा देऊ नका, कृपा करून. ऊस म्हणजे गवताचं जाड दांडकं, त्याच्या चोथ्यात लाकडी अंश भरपूर असते, ते जिवाणूंले फुटत नाही. कारखाने म्हणूनच तो बॉयलरमध्ये जाळतात. घोड्यानं खाल्ला तर ताकद मिळणार नाही, उलट कोरड्या रेषांचा गोळा होऊन आतडं तुंबते. बीट हा कंद आहे, त्यात लाकडी अंश नावालाच. दोघांतून साखर निघते एवढंच सारखं.

संत्र्याच्या सालीतला रेषा खरं म्हणजे बीटच्या जवळचा आहे, पेक्टिन त्यात पण असते, बाहेर देशात वाळवून जनावरांले देतात. पण घोड्याले ती चव आवडत नाही अन् ओली सालपटं एका दिवसात बुरशी धरतात. बुरशी अन् घोडं एका जागी नको.

विदर्भात स्वस्तात करायचं असन तर सोयाबीनची सालपटं पाहा, तेलाच्या सॉल्व्हंट प्लांटमधून निघतात, पचणारा रेषा त्यातही चांगला असते. सालपटं म्हणतो, कच्चं सोयाबीन नाही, ते पोटाले बाधते.

आता भिजवणं. तुमच्या गोळ्या आहेत, चुरा नाही, त्यामुळं पाणी जास्त लागते. एक भाग गोळ्या अन् चार-पाच भाग पाणी. थंड पाण्यात आठ ते बारा तास लागतात. गरम पाण्यात एक-दोन तासात मोकळं होते, पण चारायच्या आधी पूर्ण थंड झालं पाहिजे. मधातून एकदा काठीनं ढवळा, बकेटाच्या तळाशी टणक गोळ्या तशाच राहतात. चारायच्या आधी हात घालून चिमटीत दाबून पाहा, मधी कडक गाभा लागला तर अजून ठेवा. झालं म्हणजे ते भुसभुशीत, ओल्या कुटारासारखं दिसते.

उन्हाळ्याचा प्रश्न बरोबर विचारलात. मे महिन्यात रातभर भिजवून सकाळी ठेवलेलं दुपारपर्यंत आंबते, तोंडाले आंबूस वास मारते, तसं झालं की सरळ उकिरड्यावर टाका, वाया जाते म्हणून चारू नका. आपल्याकडं ह्या दिवसात गरम पाण्याचीच पद्धत बरी. सकाळच्या चंदीचं पहाटे भिजवा, संध्याकाळचं दुपारी, सावलीत ठेवा, भांड्याले ओलं पोतं गुंडाळा. एका वेळेपुरतंच करा. उरलं तर गव्हाण धुवा, कडेले लागलेलं राहते ते पहिले आंबते.

अन् उन्हाळ्यात ह्याचा फायदा पण आहे, खाण्यातूनच दोन-चार लिटर पाणी पोटात जाते. घोडी कमी पाणी पेत असन तर फार कामाची गोष्ट.

स्टडवाला_नागपूर

पोट फाटायचं म्हणजे जुनी समजूत आहे, जगभर लोक तेच म्हणतात. घोड्याच्या पोटात तेवढं कोरडं पल्प जाऊन तिथं फुगून फाटन असं होत नाही, जठरातून खाणं पुढं सरकत राहते. मी जिथं काम केलं तिथं चुरा होता तो थोडा कोरडाच खुराकात मिसळायचे अन् काही झालं नाही. त्यामुळं इतकं घाबरायचं कारण नाही.

जुना_पर्यवेक्षक

नागपूरवाले भाऊ, पोट फाटायची गोष्ट खोटी आहे हे मान्य. पण त्यावरून कोरडं चाललं असं म्हणू नका, निदान गोळ्यांच्या बाबतीत तर नाहीच. चुऱ्याचं वेगळं, थोडा असन अन् हळू खाणारं घोडं असन तर निभते. गोळ्या मात्र भुकेलं घोडं चावत नाही, गिळते, अन् त्या अन्ननळीत ओलावा धरून अडकतात. पुसदवाल्यांच्या बाबांची भीती खोटी नाही, फक्त जागा चुकली, धोका पोटात नाही, गळ्यात आहे. अन् ह्या घोडीच्या दाढा खराब असल्याची शंका आहे, तिच्यासाठी तर धोका दुप्पट.

अडकलं तर कसं ओळखायचं ते सगळ्यांनीच वाचा. घोडं मान लांबवते, ठसकते, घाबरते, अन् नाकातून लाळ अन् चावलेलं खाणं वाहते. घोड्याले उलटी करता येत नाही त्यामुळं नाकातून आलं म्हणजे गळ्यातच काही आहे. लगेच चारा अन् पाणी दोन्ही समोरून काढा, मान खाली राहू द्या, शांत उभं करा अन् डॉक्टरले बोलवा. बाटलीनं तेल पाजू नका. आपल्याकडं पहिला हात तेलाच्या बाटलीकडेच जाते, अन् ते तेल वाट बंद असल्यामुळं फुप्फुसात उतरते, अडकण्यानं मरत नाही ते घोडं निमोनियानं मरते.

पवनीकर

आमच्या भंडारा जिल्ह्यातून एक गोष्ट जोडतो जी, कारण चंदीचा विषय निघाला. चणे महाग झाले म्हणून कोणी लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, चारू नका. आमच्याकडं धानाच्या बांधीत उतेरा म्हणून लाखोळी पेरतात, जनावराले पण टाकतात, पण घोड्याले ती फार बाधते. मागचे पाय लुळे पडतात अन् गळ्यातल्या स्वरयंत्राची नस बधिर होते, मग पळवलं की श्वास घेताना घरघर आवाज येते, जास्त झालं तर गुदमरून मरते. माणसाले जसा लंगडेपणा येते तसंच, घोड्याले जरा लवकर येते. म्हाताऱ्या लोकांनी डोळ्यांनी पाह्यलेलं आहे. अन् धानाच्या तणसावर पण घोडं ठेवू नका, नुसती तणीस खाऊन पोट तुंबते.

दर्यापूरकर

पवनीकर दादा हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. मी अजून एक इचारतो, गाईचं पशुखाद्य चालते का घोड्याले? डेअरीवाले बॅग देतात ते. पोरं टाकतात कधी कधी.

जुना_पर्यवेक्षक

नाही चालत. काही पशुखाद्यात युरिया असते, ते बैलासाठी आहे. त्याहून मोठी भीती म्हणजे मोनेन्सिन नावाचं औषध, ते काही पशुखाद्यात अन् कोंबडीच्या खाद्यात घालतात. गाईले फायद्याचं, कोंबडीले पण, अन् घोड्याच्या हृदयाचे स्नायू खलास करते. फार थोडं पुरते. त्यावर उतारा नाही. कोंबड्यांचं खाद्य अन् घोड्याची गव्हाण एका छपरात ठेवूच नका, पोरांले एकदा बसवून नीट सांगा.

पुसदवाला

साहेब, दोन गोष्टी झाल्या. गव्हाणीखाली पाहिलं तर बोळेच बोळे, हिरवट करडे, ओले, अन् आतापर्यंत आम्ही ते रोज झाडून उकिरड्यावर टाकत होतो, कोणाच्या ध्यानातच आलं नाही. लीद फोडली तर चणे अर्धे अख्खेच. डॉक्टर येऊन गेले, तोंड उघडून टॉर्चनं पाहिलं, डाव्या बाजूच्या वरच्या दाढेची कड इतकी धारदार होती की गालाच्या आतून जखम दिसत होती. दाढा घासून दिल्या. रक्त अन् लीद तपासायले नेली, रिपोर्ट यायचाय. हिरड्या फिकट नाही म्हणाले.

बाबा उभे होते शेजारी. डॉक्टरनंच त्यांना सांगितलं की भिजवून चाललं, तेव्हा बाबांनी स्वतः बॅगचं शिवण उसवलं. आता किती द्यायचं ते सांगा. वजन काटा तर नाही आमच्याकडं.

जुना_पर्यवेक्षक

फार बरं वाटलं वाचून. गालाची जखम भरेपर्यंत चार-सहा दिवस कुट्टी थोडी ओली करून द्या, चणे नुसते भिजवू नका तर भरडून भिजवा.

वजनाले काटा लागत नाही, शिंप्याचा टेप लागते. घोडी सपाट जागेवर उभी करा. पुढच्या पायांच्या मागून, कोपराजवळून टेप छातीभोवती घ्या, तिनं श्वास सोडला की वाचा, तो घेर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याले ११,८८० नं भागा, किलोत वजन निघते. अगदी बरोबर नाही येत पण दर पंधरा दिवसांनी तोच टेप, तीच जागा, तर वाढ कळते.

दिवसभरात सगळं कोरडं खाणं मिळून वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, त्यातला बहुतेक भाग चाराच पाहिजे, दीड टक्क्याच्या खाली चारा आणू नका. बीट पल्प कोरडं असताना मोजायचं, भिजल्यावर नाही. पहिले दोन-तीन दिवस पाव किलो कोरडं, दोन वेळा वाटून, मग हळूहळू दहा-बारा दिवसांत एक किलोपर्यंत न्या. त्यापेक्षा जास्तीची गरज सध्या नाही. लीद पातळ झाली तर थांबा, मागच्या मापावर या. बॅगेवर मोलॅसिस, म्हणजे साखरेची मळी, लिहिलेलं असन तर भिजवल्यावरचं पाणी एकदा ओतून द्या, साखर निघून जाते. गूळ आता बंदच करा. अन् तोबऱ्यात चारू नका हे, वाफेनं आत कोंदते, उघड्या टोपल्यात द्या.

पुसदवाला

घेर १५८ आला अन् लांबी १५२, बाबांनी टेप धरला होता अन् मी मोबाईलवर गुणाकार केला, ३१९ किलो. म्हणजे सगळं मिळून साडेसहा किलोच्या आत, बरोबर ना? बॅगेवर मोलॅसिस लिहिलेलं आहे, मावसभावाले फोटो पाठवून विचारलं. पहिलं पाणी ओतून देतो. आज सकाळी पाव किलोतलं अर्धं भिजवून दिलं, आधी नाक लावून फुंकलं, मग थोडं चोकर वरून टाकलं तर टोपलं चाटून साफ केलं. लीद ठीक आहे.

जुना_पर्यवेक्षक

बरोबर, साडेसहाच्या आत. चोकराचा वास ओळखीचा असते म्हणून खाल्लं, आठवडाभर तसंच वरून टाकत जा. रक्ताचा रिपोर्ट आला की इथं टाका, सर्रा निघाला तर खुराकाचं गणित थोडं बदलावं लागन.